डायमंड ब्लेड: कडक दगडाला मऊ ब्लेड का लागतं? (कटिंगच्या धंद्यात उतरण्याआधी वाचा)



२०२१ च्या जुलैमधला महाडचा पूर आठवतोय ना? २२ तारखेला बाजारपेठेत पाणी शिरलं आणि नंतरचे कित्येक महिने सगळ्या गावाचं एकच काम होतं, दुरुस्ती. फरश्या उखडल्या होत्या, जोती उंच करायची होती, पाइप नव्याने टाकायचे होते. माझ्या दुकानात त्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त काय विकलं गेलं असेल तर मार्बल कटर आणि डायमंड ब्लेड.

त्याच दिवसांत पोलादपूरकडचा एक पोरगा काउंटरवर आला. हातातलं ब्लेड त्याने जवळपास आपटलंच.

"शेठ, डुप्लिकेट माल देताय तुम्ही. वीस मिनिटं दाबतोय, दगडाला नुसता ओरखडा पडलाय."

मी ब्लेड हातात घेतलं. झिजलेलं अजिबात नव्हतं. उलट कड आरशासारखी चकचकीत झालेली. मला वाटलं खरंच माल खराब आलाय. मी त्याला बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी तो परत हजर, दुसरं ब्लेडही तसंच चकचकीत. मग मी होलसेलवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, उरलेला अख्खा बॉक्स परत पाठवला. पोराने एका घराच्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांचं काम उक्तं घेतलं होतं. ते वेळेत झालं नाही आणि मालकाने पैसे कापले.

आठवड्याने आमच्याकडे नेहमी येणारे एक म्हातारे लादीवाले काका दुकानात बसले होते. ते चकचकीत ब्लेड मी त्यांना दाखवलं. काका हसले. बाहेर पडलेला वाळू-सिमेंटचा एक ठोकळा घेतला, माझ्याच कटरला ते ब्लेड लावलं आणि ठोकळ्यात आठ-दहा वेळा हलकं हलकं फिरवलं. मग काळ्या दगडावर टेकवलं. ब्लेड कापायला लागलं!

"जात्याला टाकी लावतात ना, तसंच आहे हे," काका म्हणाले. "माल चांगला होता. तुम्ही दिला चुकीच्या दगडाला."

मित्रांनो, माझ्याकडे बीबीएची डिग्री आहे, तेव्हा दुकान चालवून मला सहा वर्षं झाली होती. रोज जी वस्तू विकतो ती कापते कशी हे मला माहीत नव्हतं. त्यात पोराचं काम गेलं, माझं गिऱ्हाईक गेलं आणि होलसेलवाल्याचा काही दोष नसताना मी त्याला बोललो. म्हणून हा लेख. कोअर कटिंग, फ्लोअर कटिंग, फरशीकाम किंवा हार्डवेअरचं दुकान, यापैकी काहीही सुरू करायचं डोक्यात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

ब्लेड म्हणजे शेंगदाण्याची चिक्की

डायमंड ब्लेड बघितलं की तीन गोष्टी दिसतात. मधली पोलादी चकती, तिच्या कडेला बसवलेले जाडसर तुकडे, ज्यांना सेगमेंट म्हणतात, आणि सेगमेंटच्या मधल्या खाचा. कापायचं काम फक्त सेगमेंट करतो. चकती त्याला धरून फिरवते, बस्स.

आता सेगमेंटच्या आत काय असतं? चिक्की आठवा. शेंगदाणे म्हणजे हिऱ्याचे बारीक दाणे आणि गुळाचा पाक म्हणजे धातूची भुकटी तापवून दाबून केलेला गोळा. या धातूच्या पाकाला आमच्या लाइनीत बाँड म्हणतात. दाणे फक्त वरून चिकटवलेले नसतात, ते सेगमेंटच्या पूर्ण खोलीत पसरलेले असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ब्लेड सुरीसारखं कापत नाही. बाहेर डोकावणारा प्रत्येक दाणा दगडावर एक बारीक ओरखडा काढतो, दगडाची पूड होते, ती पूड खाचेतून बाहेर पडते. चार इंची ब्लेड, म्हणजे साधारण ११० मिलिमीटरचं, मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी जवळपास २५० किलोमीटर होतो. त्या वेगाने हजारो दाणे ओरखडत जातात, म्हणून आपल्याला ते 'कापल्यासारखं' दिसतं.

काम करता करता पुढचा दाणा बोथट होतो, तुटतो, शेवटी निघून पडतो. त्याच वेळी त्याच्याभोवतीचा पाकही झिजत असतो, आणि पाक झिजला की खालचा ताजा, धारदार दाणा वर येतो. म्हणजे ब्लेड स्वतःला धार लावत लावत संपतं. ते झिजायलाच पाहिजे. जे ब्लेड झिजत नाही ते कापतही नाही.

त्या पोराच्या ब्लेडचं नेमकं हेच झालं होतं. वरचे दाणे बोथट झाले, पण पाक झिजलाच नाही. नवीन दाणा वर यायला वाटच नाही. मग धातू दगडावर नुसता घासत राहतो आणि चकचकीत होतो. याला ग्लेझिंग म्हणतात. काकांनी वाळूच्या ठोकळ्यात ब्लेड फिरवलं तेव्हा वाळूने वरचा पाक खरवडला आणि आतले दाणे उघडे पडले. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून खडबडीत करतात, तीच गोष्ट.

उलटा नियम: कडक दगड, कच्चा पाक

आता या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. वहीत लिहून घ्या.

दगड जेवढा कडक आणि गुळगुळीत कणांचा, तेवढा ब्लेडचा पाक मऊ हवा. माल जेवढा मऊ आणि खरखरीत, तेवढा पाक कडक हवा.

ऐकायला उलटं वाटतं. गिऱ्हाईक तर हमखास म्हणतं, "दगड लय कडक आहे, एकदम कडक ब्लेड द्या." तिथेच फसतो तो. कडक दगडावर दाणे लवकर बोथट होतात, पण दगडाची पूड बारीक असते, ती पाकाला खरवडत नाही. म्हणून पाकच कच्चा ठेवावा लागतो, म्हणजे तो लवकर झिजून नवे दाणे देईल. याउलट ताजं काँक्रीट, वीट, प्लास्टर, रेतीचा दगड यांची पूड वाळूच्या कागदासारखी असते. ती मऊ पाक तासाभरात खाऊन टाकते, चांगले दाणे वापर न होताच गळून पडतात. तिथे कडक पाक लागतो.

आता आपल्या भागात या. महाड आणि पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेत. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हारस थंड होऊन झालेला. रायगड किल्ल्याची तटबंदी याच दगडाची, महाडजवळची गांधारपाले लेणी याच दगडात कोरलेली. हा दगड कडक आहे, पण त्यात वाळूसारखे मोकळे गारगोटीचे कण जवळपास नसतात. म्हणजे दाणे बोथट करायला एकदम तयार, पाक झिजवायला तयार नाही. ब्लेडसाठी सगळ्यात अवघड जोडी.

एवढंच नाही. आपल्याकडच्या काँक्रीटमध्ये खडी याच काळ्या दगडाची, आणि नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरली असेल तर तीही याचीच. म्हणून जुनं, पक्कं झालेलं काँक्रीट कापताना 'सगळ्यासाठी चालतं' असं लिहिलेलं ब्लेड इथे ग्लेझ होतं. खाली रत्नागिरी बाजूने येणारा जांभा मात्र याच्या बरोबर उलटा, मऊ आणि सच्छिद्र.

थोडक्यात आपल्या भागासाठी:

- काळा दगड, ग्रॅनाइट, जुनं पक्कं आरसीसी: मऊ पाकाचं ब्लेड. लवकर संपेल, पण कापेल.
- वीट, सिमेंट ब्लॉक, प्लास्टर, जांभा, ताजं काँक्रीट: कडक पाकाचं ब्लेड.
- व्हिट्रिफाइड टाइल, सिरॅमिक: अखंड कडेचं, बारीक दाण्याचं ब्लेड. खाचांचं ब्लेड टाइलची कड फोडतं.

बॉक्सवर 'मऊ पाक' असं कोणी लिहीत नाही. तिथे ग्रॅनाइट, काँक्रीट, डांबर, टाइल असा वापर लिहिलेला असतो. तो वाचा. कंपनीने तो पाकाच्या हिशोबानेच लिहिलेला असतो.

हा हिरा येतो कुठून आणि ब्लेड बनतं कसं?

बरेच जण विचारतात, "शेठ, यात खरा हिरा असतो का?" हो, खरा असतो, पण खाणीतला नाही, कारखान्यातला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये ट्रेसी हॉल या शास्त्रज्ञाने यंत्रात हिरा तयार केला आणि १९५५ मध्ये कंपनीने ते जाहीर केलं. पद्धत साधारण आजही तीच आहे. ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, लोखंड, निकेल, कोबाल्टसारख्या धातूबरोबर ठेवायचा आणि हवेच्या दाबाच्या ५० ते ६० हजार पट दाब व सुमारे १,४०० अंश सेल्सिअस उष्णता द्यायची. वितळलेल्या धातूत कार्बन विरघळतो आणि हिऱ्याच्या रूपात बाहेर पडतो. आज जगातला बराचसा असा हिरा चीनच्या हनान प्रांतात बनतो.

त्यानंतरचा प्रवास असा:

१. चाळणी. दाणे जाळीने चाळून वेगळे करतात. दगड-काँक्रीटच्या ब्लेडमध्ये ३०/४० किंवा ४०/५० मेशचे दाणे खूप चालतात. ३०/४० म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, रव्याच्या कणाएवढे. दाण्याचा आकारही बघतात. नीट पैलू असलेला स्फटिक मार सहन करतो, वेडावाकडा तुकडा लवकर फुटतो. स्वस्त आणि महाग ब्लेडमधला मोठा फरक इथे पडतो आणि तो डोळ्यांनी दिसत नाही.

२. मिश्रण. कोबाल्ट, लोखंड, तांबं, कथील, निकेल, टंगस्टन अशा धातूंच्या भुकट्या प्रमाणात घेऊन त्यात दाणे मिसळतात. पाक कच्चा की कडक ते इथे ठरतं. ब्राँझचं प्रमाण जास्त तर मऊ, टंगस्टन वाढवलं तर झिजायला चिवट. दाणे किती टाकायचे त्याचंही माप आहे. एका घन सेंटिमीटरमध्ये ४.४ कॅरेट हिरा म्हणजे १०० कॉन्सन्ट्रेशन. यात आकारमानाच्या चौथा हिस्सा हिरा असतो. आणि जास्त दाणे म्हणजे जास्त चांगलं ब्लेड असंही नाही. दाणे फार झाले तर प्रत्येकावर दाब कमी पडतो आणि कडक दगडात ते घुसतच नाहीत.

३. दाबणं आणि भाजणं. मिश्रण आधी थंडच साच्यात दाबतात. मग ग्रॅफाइटच्या साच्यात घालून साधारण ७०० ते ९०० अंशांवर दाब देत भाजतात. धातू पूर्ण वितळत नाही, कण एकमेकांना घट्ट चिकटतात. याला सिंटरिंग म्हणतात. तापमान जास्त झालं तर हिराच खराब होतो, कमी पडलं तर पाक भुसभुशीत राहतो.

४. जोडणी. सेगमेंट चकतीला तीन प्रकारे बसवतात. चकतीवरच दाबून भाजणं, चांदीच्या डाकाने जोडणं किंवा लेझरने वेल्ड करणं. डाकाची जोडणी पाण्याशिवाय तापली तर सुटू शकते आणि सुटलेला सेगमेंट गोळीसारखा जातो. म्हणून कोरड्या कामाच्या मोठ्या ब्लेडला लेझर वेल्ड बघतात.

५. ताण आणि धार. चकती वेगात फिरताना डुलू नये म्हणून तिला ठोकून किंवा रोलरने ताण देतात. शेवटी सेगमेंटची कड घासून पहिले दाणे उघडे करतात, मग रंग आणि बॉक्स.

कोअर बिट म्हणजे याच सेगमेंटांचा गोल. पोलादी नळीच्या तोंडाला ते बसवतात, मधला काँक्रीटचा गठ्ठा अख्खा बाहेर येतो. आणि मोठे पिलर किंवा पुलाचे भाग कापायला डायमंड वायर असते. पोलादी दोरावर हिऱ्याचे मणी ओवलेले, माळेसारखे.

एक खूण सांगतो. वापरलेल्या ब्लेडच्या कडेवर बोट नव्हे, नजर फिरवा. प्रत्येक दाण्याच्या मागे पाकाची छोटी शेपटी दिसेल. दाणा पुढे आणि शेपटी मागे, म्हणजे ब्लेड बरोबर दिशेने फिरतंय आणि नीट झिजतंय. ब्लेडवर बाणही असतो. काढून परत लावताना उलटं लावलं की ती शेपटी मोडते, दाण्याचा टेकू जातो आणि चांगले दाणे गळतात.

पाणी, वेग आणि छाती

हिरा जगात सगळ्यात कडक, पण उष्णतेपुढे हळवा. ७०० ते ८०० अंशांच्या पुढे हवेत तो टिकत नाही. पाणी ब्लेड थंड ठेवतं, पूड धुऊन काढतं आणि धूळ बसवतं. कोरडं कापायचंच असेल तर थोडं कापा, ब्लेड बाहेर काढून मोकळं फिरवा, परत कापा.

आपल्याकडे पाण्याचं नियोजन धंद्यात धरावंच लागतं. पावसाळ्यात एवढा पाऊस, पण एप्रिल-मे मध्ये डोंगरातल्या वाड्यांवर टँकर येतो. तिथे गिऱ्हाइकाकडे कटिंगला पाणी मागू नका. स्वतःचं पिंप न्या, खाली ताडपत्री आणि बादली लावून पाणी परत फिरवा. कापल्यावर निघणारा राडा गटारात किंवा नदीत सोडू नका. तो सुकला की सिमेंटसारखा बसतो.

वेगाचं सांगायचं तर प्रत्येक ब्लेडवर जास्तीत जास्त फेरे लिहिलेले असतात. १४ इंची ब्लेडवर साधारण ४,३०० असतात. ते ब्लेड गार्ड काढून छोट्या, जास्त फेऱ्यांच्या ग्राइंडरला लावायचा 'जुगाड' मी साइटवर बघितलाय. हा जुगाड जीव घेऊ शकतो. आणि गावाकडे व्होल्टेज कमी असलं की मशीन रडतं, मग माणूस जोर लावतो, ब्लेड तापतं. जोर लावणं हा उपाय नाही. मशीनच्या वजनाने ब्लेड जाईल तेवढंच जाऊ द्या.

आता छाती. दगड-काँक्रीटच्या धुळीतला सिलिका इतका बारीक असतो की थेट फुप्फुसात जाऊन बसतो. त्यातून सिलिकोसिस होतो आणि हा आजार बरा होत नाही. आपल्या काळ्या दगडात मोकळा सिलिका कमी, पण ग्रॅनाइट, टाइल, वाळूचं काँक्रीट यात भरपूर. तोंडाला रुमाल बांधल्याने ती धूळ अडत नाही. पाणी वापरा आणि एन-९५ मास्क लावा. मजुराच्या मास्कचे पैसे कोटेशनमध्ये धरा. धंदा तुमचा आहे, तर त्याच्या छातीची जबाबदारीही तुमचीच.

काम कुठे आहे?

कटिंग म्हणजे फक्त फरशी असं समजू नका. आपल्या दोन तालुक्यांतच बघा:

- कोअर होल. एसी, चिमणी, ड्रेनेज, पाण्याची लाइन. छिन्नी-ब्रेकरने भिंत हादरते, कोअरने गोल स्वच्छ भोक पडतं. महाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत पाइपलाइनसाठी स्लॅब आणि भिंतींना भोकं लागतातच.
- काँक्रीट रस्त्याचे जॉइंट. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटवर ठराविक अंतराने आडव्या रेषा दिसतात ना? त्या ब्लेडने कापलेल्या असतात. काँक्रीट सुकताना आकसतं आणि कुठेतरी तडकणारच. म्हणून जाडीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खोल काप देऊन तडा तिथे पाडतात. हा काप ओतल्यावर काही तासांतच द्यावा लागतो. उशीर झाला तर रस्ता स्वतःच कुठेही तडकतो. गावातल्या काँक्रीटच्या रस्त्यांनाही हेच लागू. आणि ताजं काँक्रीट खरखरीत, म्हणून इथे कडक पाकाचं ब्लेड.
- तपासणीचे कोअर. जुन्या इमारतीच्या काँक्रीटची ताकद तपासायला कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघतात. आयएस ४५६ प्रमाणे कमीत कमी तीन कोअर लागतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सांगण्याने, त्यांनी दाखवलेल्या जागीच करायचं.

हिशोब: ब्लेडची किंमत बॉक्सवर नसते

समजा, काळ्या दगडासाठी दोन ब्लेड आहेत. एक २५० रुपयांचं, ते ६० रनिंग फूट कापतं. दुसरं ७०० रुपयांचं, ते २५० फूट कापतं. (आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजा.) पहिल्याचा खर्च फुटाला ४ रुपये १७ पैसे, दुसऱ्याचा २ रुपये ८० पैसे. बॉक्सवर स्वस्त दिसणारं ब्लेड कामावर महाग पडलं.

पण अजून एक रकाना लिहा, वेळ. पहिलं ब्लेड तासाला १० फूट जात असेल आणि दुसरं २०, आणि माणूस व मशीन मिळून तासाला २०० रुपये पडत असतील, तर फुटाला मजुरी अनुक्रमे २० आणि १० रुपये. म्हणजे ब्लेडपेक्षा मजुरीचा फरक कितीतरी मोठा. म्हणून मी सांगतो, 'जास्त टिकणारं' ब्लेड शोधू नका. कडक दगडावर जास्त टिकणारं ब्लेड म्हणजे बहुतेक वेळा न कापणारं ब्लेड. फुटाचा एकूण खर्च काढा.

एक साधी वही ठेवा. तारीख, माल कोणता, ब्लेड कोणतं, किती फूट, किती तास. तीन महिन्यांत तुमच्याकडे असा आकडा असेल जो कुठला सेल्समन देऊ शकणार नाही.

भांडवलाचं बघाल तर पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के सबसिडी आहे. पण सबसिडी रोख हातात येत नाही, ती तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. हप्ता मात्र आधीपासून भरायचा असतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची कामं जवळपास बंद. म्हणून बारा महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांच्या कमाईतून निघतो का, हे बघूनच सही करा. पहिलं मशीन भाड्याने घेऊन एक हंगाम काढला तर आणखी चांगलं.

एक 'नाही' म्हणायला शिका

२४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन इमारत पडली आणि १६ जणांचा जीव गेला. त्याची कारणं शोधणं हे तपासाचं आणि कोर्टाचं काम, त्यावर मी बोलणार नाही. पण इमारत पडणं म्हणजे काय, हे आपल्या गावाला कोणी सांगायला नको.

तुमच्या हातातलं मशीन स्लॅबमधली सळईसुद्धा कापतं. गिऱ्हाईक सांगेल, "पाइप इथूनच न्यायचाय, बीममधून मार भोक." मारू नका. बीम, कॉलम, स्लॅबला भोक पाडायचं असेल तर इंजिनिअरची लेखी परवानगी मागा. नाही मिळाली तर काम सोडा. हजार-दोन हजार रुपये जातील, जाऊ द्या.

त्या पोराचं पुढे काय झालं?

मी त्याला फोन करून बोलावलं, चूक माझी होती हे सांगितलं आणि मऊ पाकाचं ग्रॅनाइट ब्लेड माझ्याकडून दिलं. मालकाने कापलेले पैसे काही मी भरून देऊ शकलो नाही. दुसऱ्या वर्षी त्याने कर्ज काढून कोअर मशीन घेतलं. पहिल्या पावसाळ्यात दोन हप्ते थकले, कारण वर लिहिलेला आठ महिन्यांचा हिशोब तेव्हा त्यालाही माहीत नव्हता आणि मलाही. दिवाळीनंतर कामं आली तेव्हा त्याने ते भरले. आता तो पावसाळ्यात आतली कामं धरतो, घरांची आणि कारखान्यांची. मशीनच्या पेटीत वाळू-सिमेंटचा एक ठोकळा कायम असतो.

मागच्या महिन्यात दुकानात एक नवीन पोरगं आलं होतं. म्हणालं, "काळा दगड कापायचाय, एकदम कडक ब्लेड द्या." मी तोंड उघडायच्या आत बाजूला उभा असलेला हा म्हणाला, "थांब रे, आधी सांग, तू चिक्की खाल्लीस का कधी?"

या आठवड्यात एवढं करा:

1. तुमच्या भागात कापायला येणाऱ्या मालाची यादी करा: दगड, काँक्रीट, टाइल, वीट.
2. प्रत्येकापुढे लिहा, कडक की मऊ, गुळगुळीत की खरखरीत.
3. दुकानात जाऊन बॉक्सवरचा वापर, जास्तीत जास्त फेरे, ओलं की कोरडं हे वाचा. नुसतं वाचा, विकत घेऊ नका.
4. एखाद्या जुन्या मिस्त्रीबरोबर एक दिवस साइटवर थांबा. चहा तुमच्याकडून.

चकचकीत झालेल्या ब्लेडला टाकी कशी लावायची, ते पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष दाखवतो. तोपर्यंत मशीन सांभाळून चालवा आणि हिशोब लिहून ठेवा. भेटूया.